आवाज कुठे खाली येतो?

(वरवट बकाल येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शेगावहून एसटीत बसलो. पूर्णा ओलांडली आणि समोर सातपुड्याची निळी रेघ दिसायला लागली, तसं शेजारच्या काकांनी विचारलं, "कुठं उतरता?" म्हटलं, वरवट बकालला, व्याख्यान आहे. "कायच्यावर?" म्हटलं, प्रामाणिकपणावर. काका खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "चांगलं हाय. पन ज्यायनं आयकाले पायजे ते येत नाहीत."

आजचा निम्मा विषय काकांनी एका वाक्यात सांगून टाकला. ज्याने ऐकायला पाहिजे तो नेहमी दुसराच कोणीतरी असतो. काकांना तो मी वाटलो नाही, मला काका वाटले नाहीत, आणि दोघेही सुखाने प्रवास करत राहिलो.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याकडे मी चौथीला गणित शिकलो. उदाहरण चुकलं तर गुरुजी चूक दाखवत नसत. "मोठ्याने वाच," एवढंच म्हणत. पोरगं पहिल्या पायरीपासून खणखणीत वाचत सुटायचं. जिथे हातचा विसरलेला असायचा, किंवा शेजारच्या पाटीवरून आकडा उचललेला असायचा, तिथे त्याचा आवाज आपोआप खाली यायचा. गुरुजी म्हणायचे, "थांब. इथंच पाहा."

नीतिशास्त्रावर मी पुढे बरीच पुस्तकं वाचली. पण त्या "इथंच पाहा"च्या पलीकडे फार गेलो, असं वाटत नाही. आज तेच वेगळ्या वाटेने सांगतो.

सुरुवात घरापासून करू. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. वेचलेल्या कापसाने भरलेली बंडी अंगणात उभी होती, पहाटे बाजाराला निघायची. रात्री बाबांनी मला उठवून हातात कंदील दिला. मग कडुलिंबाची डहाळी बादलीत बुडवून ते कापसावर झटकू लागले. एक थर ओला, त्यावर कोरडा कापूस, पुन्हा शिंपण. वरचा थर मात्र कोरडाच ठेवायचा. बाबा माळकरी होते, एकादशी चुकली नाही, दुसऱ्याच्या बांधावरची काडी उचलली नाही. मी विचारलं, "बाबा, हे काहून?" ते व्यापाऱ्याबद्दल म्हणाले, "थो काटा मारते, आपन पानी मारतो. हिशोब बराबर."

वाक्य मला पटलं. अजूनही अर्धं पटतं. पण दुसरी एक गोष्ट पुष्कळ वर्षांनी ध्यानात आली. अंगणात आम्हा दोघांशिवाय कोणी नव्हतं, तरी बाबा हे वाक्य कुजबुजत बोलले होते.

कापसातलं पाणी तुमच्या-माझ्या घरापुरतं नाही. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्या आपल्याकडे पाहू लागल्या. भाव आभाळाला भिडले, तसं कापसात पाणी, सरकी, माती, पाला सगळं जायला लागलं. १८६३ साली मुंबई सरकारला कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदा करावा लागला. वऱ्हाडचा कापूस तेव्हा मुंबईच्या बाजारात 'उमरावती' नावाने ओळखला जाई. १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला तो याच कापसासाठी.

बाजारही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. ती 'हत्ता' पद्धत. अडत्या आणि व्यापारी एकमेकांची बोटं चाचपत, आणि ज्याचा माल तो शेतकरी बाजूला उभा राहून रुमाल हललेला बघे. १८८६ साली कारंजा लाडला देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ ला वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. पुढे देशभर बाजार समित्या उभ्या राहिल्या आणि रुमालाच्या जागी उघड लिलाव आला. त्या सुधारणांचं सार एवढंच, की भाव मोठ्याने बोला आणि काटा दोघांना दिसेल असा ठेवा. गुरुजींचंच सूत्र, फक्त कायद्याच्या भाषेत.

आता बाबांची ती बंडी तीन पंडितांपुढे उभी करू. नीतीविषयी पाश्चात्त्यांनी पुष्कळ लिहिलं, पण मुख्य वाटा तीन.

पहिला पंडित इमॅन्युएल कांट, १७२४ चा जन्म. बाल्टिक समुद्राजवळच्या कोनिग्सबर्ग गावात त्याचं जवळजवळ सगळं आयुष्य गेलं. १७८५ च्या त्याच्या पुस्तकातला प्रश्न साध्या बोलीत असा : तू जे करतोस, तोच सगळ्यांचा नियम झाला तर चालेल का? बंडीला हा प्रश्न विचारून बघा. गावातल्या प्रत्येकाने कापूस ओला केला तर व्यापारी सगळ्यांनाच सरसकट कट्टी, म्हणजे कपात, लावेल आणि पाण्याचा पैसा मिळणार नाही. म्हणजे बाबांचं पाणी विकलं जात होतं ते शेजाऱ्याने कापूस कोरडा आणला म्हणून. लबाडी बांडगुळासारखी असते. ते आंब्यावर हिरवंगार दिसतं, पण त्याचं मूळ जमिनीत नसतं. सगळं झाडच बांडगूळ झालं तर बांडगूळही जगत नाही.

दुसरा पंडित जेरेमी बेंथम. १७८९ च्या त्याच्या ग्रंथाचा सूर असा, की कृत्याचं मोल त्याच्या परिणामांवर ठरतं. एकूण सुख वाढलं तर बरं, दुःख वाढलं तर वाईट. शेतकऱ्याला हा हिशेब लगेच कळतो, कारण त्याचं आयुष्यच जमा-खर्चात जातं. अडचण इतकीच, की खतावणी कोणाच्या हातात? बाबांच्या हिशेबात व्यापारी होता, आम्ही होतो. ज्याच्या कोरड्या कापसालाही उद्या कट्टी लागणार होती तो शेजारी कुठल्याच रकान्यात नव्हता. आपला हिशेब आपणच मांडला की बेरीज चुकत नाही, रकानेच गळतात.

तिसरा ॲरिस्टॉटल. तो एका कृत्याचा हिशेब करत नाही, माणूस कसा घडतो ते पाहतो. न्यायाची कृत्यं करत करत माणूस न्यायी होतो, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडे याला सुरेख शब्द आहे, वळण. अक्षराला वळण, पोराला वळण. तो म्हणाला असता : कापसाचं सोडा, कंदील धरून कोण उभं आहे ते बघा. त्या रात्री जेवढं पाणी कापसावर पडलं, तेवढंच माझ्यावरही पडत होतं.

आता कोणी म्हणेल, झालं तर, कांटचा नियम पाठ करू आणि सुटू. तेही सोपं नाही. महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतो. कौशिकाचं व्रत, सदा खरं बोलायचं. दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसं रानात लपली. दरोडेखोरांनी कौशिकाला विचारलं आणि याने खरं सांगून टाकलं. माणसं मारली गेली, आणि सत्यवादी कौशिक नरकात गेला. कांटने १७९७ च्या एका लेखात नेमका हाच पेच घेतला. दारात खुनी येऊन लपलेल्या मित्राचा पत्ता विचारतो, तर खोटं बोलावं का? कांट म्हणाला, तरीही नाही. या एका मुद्द्यावर आपला व्यास कांटपेक्षा शहाणा होता, असं माझं मत.

पण इथेच सापळा आहे. तीन शास्त्रं हाताशी असली की लबाडाला तीन वकील मिळतात. पहिला वकील खटला हरला की दुसरा उभा करायचा. नियम आड आला तर परिणाम दाखवायचे, परिणाम वाईट निघाले तर 'माझं मन साफ होतं' म्हणायचं. म्हणून खरा प्रश्न शास्त्र कोणतं हा नाही. बरंवाईट ज्याला कळतं तो माणूस स्वतःला कसा पटवतो, हा आहे.

लक्षात घ्या, माणसाला चोर व्हायला आवडत नाही. २०१९ साली एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. आपल्यासह ४० देशांत सतरा हजारांहून अधिक पाकिटं 'रस्त्यात सापडलं' म्हणून बँका, हॉटेलं, कचेऱ्यांच्या काउंटरवर दिली गेली. वाटेल की पैसे असलेली पाकिटं जास्त गायब झाली असतील. झालं उलट. रिकाम्या पाकिटांपैकी सुमारे ४० टक्क्यांची मालकाला खबर गेली, पैशांच्या पाकिटांपैकी ५१ टक्क्यांची. पैसे असले की 'मी चोर ठरेन' ही टोचणी वाढते. माणसाला पैसाही हवा असतो आणि आरशातला चेहराही. दोन्ही एकदम पाहिजेत म्हणून तो शब्द बदलतो.

डोनाल्ड क्रेसी नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने पैशांच्या अपहारासाठी तुरुंगात गेलेल्या माणसांशी बोलून १९५३ साली पुस्तक लिहिलं. भरवशाच्या जागेवर बसलेली ही सभ्य माणसं. त्यांतले कितीतरी जण म्हणत, आम्ही चोरले नव्हते, उसने घेतले होते. आपल्याकडे तर या कामाचे शब्द पोत्याने आहेत. लाच कोणी देत नाही, चहापाणी देतो, फायलीवर वजन ठेवतो. पेपर कोणी फोडत नाही, सेटिंग लावतो. कॉपी कोणी पुरवत नाही, मदत करतो. शब्द मऊ झाला की कृत्य घशाखाली उतरतं.

१९५७ मध्ये साइक्स आणि मॅट्झा या दोन समाजशास्त्रज्ञांनी वाट चुकलेल्या पोरांचा विचार करताना अशा सबबींचे पाच प्रकार मांडले. ते आपल्या बोलीत सांगतो. परीक्षा केंद्राच्या भिंतीबाहेर अर्धा तास उभे राहा, पाचही ऐकू येतील.

पहिली : "वरूनच सांगितलं होतं, माह्या हातात काय हाय?" म्हणजे जबाबदारी माझी नाही.

दुसरी : "याच्यात कोनाचं काय गेलं?" म्हणजे नुकसानच झालं नाही.

तिसरी बाबांची : "थो काटा मारते." म्हणजे ज्याचं गेलं त्याचं जायलाच हवं होतं.

चौथी : "मोठे लोक कोटी कोटी खातात, ते दिसत नाही?" म्हणजे बोलणाराच चोर.

पाचवी सगळ्यांत गोड : "गरिबाचं लेकरू हाय मास्तर, साल वाया जाईन." म्हणजे मी माझ्यासाठी नाही, माझ्या माणसांसाठी करतो.

ही पाचवी वाल्या कोळ्याची. मी लुटतो ते बायकापोरांसाठी, असं तो म्हणत होता. नारदाने फक्त एवढंच सांगितलं, की घरी जाऊन विचार, पापात वाटेकरी होता का? म्हणजे तेच वाक्य, ज्यांच्यासाठी करतोस त्यांच्यासमोर मोठ्याने बोल. तिथे वाल्या कोसळला. पण वाल्याचं एक मला आवडतं. तो खून केला की रांजणात खडा टाकत होता. सात रांजण भरले, पण मोजले. आमच्या घरी कापूस होता, बंडी होती, कंदील होता. रांजण नव्हता.

शिकली-सवरलेली माणसं यातून सुटतात, असं समजू नका. २०१२ साली प्रामाणिकपणावरच एक शोधनिबंध गाजला. फॉर्मच्या वरच्या बाजूला आधीच सही घेतली तर लोक खोटी माहिती कमी भरतात, असा त्याचा निष्कर्ष. जगभर कौतुक झालं. २०२१ मध्ये तो मागे घ्यावा लागला, कारण त्यातल्या एका प्रयोगाची आकडेवारीच बनावट निघाली.

आणि आपलं? ३ मार्च २०२३, बारावीचा गणिताचा पेपर. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यात, परीक्षेच्या वेळीच प्रश्नपत्रिकेची पानं मोबाइलवर फिरू लागली. विधिमंडळाचं अधिवेशन चालू होतं, विधानसभेत आवाज उठला. पुढे ज्यांना अटक झाली त्यांत शिक्षकही होते. त्याआधी २०१९-२० ची शिक्षक पात्रता परीक्षा. म्हणजे जे शिकवणार त्यांचीच परीक्षा. तिच्यातल्या गैरप्रकारापायी २०२२ मध्ये ७,८८० उमेदवार अपात्र ठरले. परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात १९८२ पासून कायदा आहे. कायदा भिंतीबाहेर उभा राहतो. "साल वाया जाईन" हे वाक्य भिंतीच्या आत असतं.

गुरुजींच्या कसोटीवर एक आक्षेप येतो, तो मीच घेतो. आजकाल लोक लाजत नाहीत, मोठ्यानेच बोलतात. सोयरीक जुळवताना भर बैठकीत विचारतात, "पगार ठीक, पन वरची कमाई किती?" आणि मुलाचा मामा छाती फुगवून सांगतो. कुठे खाली येतो आवाज?

आक्षेप खरा आहे. म्हणून कसोटीत एक शब्द घालायला हवा : मोठ्याने बोल, पण ज्याचं जातं त्याच्यासमोर. बैठकीत बसलेले सगळे लाभातले भागीदार आहेत. ज्या विधवेने सातबाऱ्यासाठी पाचशेची नोट सरकवली, तिला त्या बैठकीत पाटावर बसवा. मग विचारा, वरची कमाई किती. मामाचा आवाज येतो का बघू.

याच कसोटीने एक अवघड प्रश्न सुटतो. कायदा मोडणं म्हणजे अप्रामाणिकपणाच का? आपलं पूर्णेचं खोरं खारपाणपट्टा आहे. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात इथे समुद्र कुठून आणणार? अकोला जिल्ह्यातल्या दहिहांड्याला लोकांनी विहिरीचं खारं पाणीच उकळून मीठ काढलं. सरकारला सांगून, दिवसाढवळ्या. ज्या पाण्याने पिढ्यान्‌पिढ्या आपली दैना केली, ते एकदा असं कामी आलं.

आणि अलीकडे, १० जून २०१९, अकोट तालुक्यातलं अकोली जहागीर. तणनाशकाला दाद न देणारं कापसाचं बियाणं, ज्याला सरकारची परवानगी नव्हती, ते शेतकरी संघटनेच्या लोकांनी जाहीर करून पेरलं. गुन्हे दाखल होतील हे माहीत असून पेरलं. तेच बियाणं बिलाशिवाय, बनावट पाकिटातून विकलं जातं तेव्हा आपणच त्याला चोरबीटी म्हणतो. ते बियाणं चांगलं की वाईट यात मी पडत नाही, त्यावर तुमचंच एकमत नाही. पण एकाच दाण्याला एका ठिकाणी सत्याग्रह म्हणतात आणि दुसऱ्या ठिकाणी चोर, हा फरक दाण्यात नाही. पहिल्याने शिक्षेची किंमत स्वतःच्या नावावर मांडली. दुसऱ्याने ती फसलेल्या गिऱ्हाइकाच्या नावावर टाकली. कांटच १७९५ मध्ये म्हणून गेला, की दुसऱ्यांच्या हक्काशी ज्याचा संबंध आहे, पण जे जाहीर करता येत नाही, ते अन्यायाचं समजावं. हे त्याने राज्यकर्त्यांविषयी लिहिलं. ते बंडीलाही लागू पडतं.

शेवटी एक सांगतो, म्हणजे बाबांवर अन्याय होणार नाही. त्यांना मी गुन्हेगार म्हणत नाही. काटा मारला जात होता हे खरंच होतं. ज्या बाजारात खऱ्याला खऱ्याचा भाव मिळत नाही, तिथे प्रवचन फुकट आहे. आज सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस खरेदीच्या, केंद्रावर ओलावा मीटरने मोजतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे १२ पर्यंत कपात. मीटरवरही भांडणं होतात, पण आकडा दोघांना दिसतो. दोघांचीही एक सबब तिथे कमी होते. चांगली व्यवस्था माणसाला साधू करत नाही. त्याच्या सबबीवरचा रुमाल ओढून घेते.

आता माझी पायरी वाचतो, कारण दुसऱ्याचंच वाचून घरी गेलो तर गुरुजी सोडायचे नाहीत.

नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मी एका केंद्रावर पर्यवेक्षक होतो. केंद्राचं नाव महत्त्वाचं नाही. खिडकीखालच्या बाकावर एक मुलगा होता, बाप मजूर, तीन किलोमीटर पायी येणारा. गाईडचं घडी केलेलं पान खिडकीतून आलं. मी पाहिलं. मग वळून भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा पाहू लागलो. बराच वेळ पाहिला. तापी महाराष्ट्रात कुठून शिरते ते आजही डोळे मिटून सांगेन. मुलगा पास झाला. ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे, शिक्षक मित्रांत, घरी, कधी कधी भाषणातही : एका गरिबाच्या पोराचं साल वाचवलं.

त्या बाकाच्या मागे एक मुलगी होती, हे मात्र कधी सांगितलं नाही. तीही मजुराचीच. तिच्या खिडकीतून काही आलं नव्हतं. ती लिहायची थांबली, तिने पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा लिहू लागली. नकाशा मी तिच्या नजरेमुळे पाहत होतो.

ती आज पन्नाशीत असेल. कदाचित याच भागात दिली असेल, कदाचित आज या मांडवात असेल. ज्याचं जातं त्याच्यासमोर बोलायचं, असं मी मघाशी तुम्हाला सांगितलं, म्हणून बोलतो. बाई, मी त्या दिवशी कोणाचं साल वाचवलं नाही. तुमच्या मेहनतीची किंमत कमी केली आणि तिला दया म्हटलं.

हे वाक्य काल रात्री मी खोलीत तीनदा मोठ्याने वाचून पाहिलं. तिन्ही वेळा 'दया'पाशी आवाज खाली आला. आत्ताही आला असेल. तुम्ही ऐकलंच.